सोप्रानो बिगुलचे एकल वादन: लक्षात राहणारा वादक कशामुळे लक्षात राहतो?

खानापूरकर यांचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. शाळेत असताना मी चार वर्षे बँडपथकात बिगुल वाजवला. पुढे एनसीसीतही ध्वजारोहणाच्या दिवशी ते काम माझ्याकडेच असे. त्यानंतर पोटापाण्याच्या मागे लागल्यावर बिगुल माळ्यावर गेला तो गेलाच. गेल्या काही महिन्यांत मात्र पुतण्याच्या नादाने अमेरिकेतील ड्रम कोअरची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकू लागलो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: शंभर-सव्वाशे तरुण मुले-मुली केवळ बिगुल आणि ढोल-ताशांच्या जातीची वाद्ये घेऊन फुटबॉलच्या मैदानावर संचलन करीत दहा-अकरा मिनिटांचा कार्यक्रम सादर करतात, त्यांत सनई-क्लॅरिओनेटच्या कुळातले एकही वाद्य नसते, आणि मधेच एखादा वादक पुढे येऊन एकटाच वाजवतो. तो क्षण ऐकण्यासाठी मी एकेक मुद्रण चार-चारदा लावतो.

आमचा वाद असा आहे. पुतण्याच्या मते जो सर्वांत वरचा सूर लावील तोच खरा सोप्रानो (पथकातील सर्वांत उंच आवाजाचा बिगुल) वादक. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमके मांडताही येत नाही. मला सर्वांत आवडलेले सोप्रानोवादन ब्लू डेव्हिल्स या पथकातील बॉनी ऑट यांचे आहे आणि त्यात वरच्या सुरांची कसरत फारशी नाही. जाणकारांनी आपल्या आवडीचे वादक सांगावेत. शिवाय, ‘सोप्रानो’ म्हणवणाऱ्या या बिगुलचा आवाज आपल्या लग्नाच्या बँडमधील ट्रम्पेटपेक्षा भरदार कसा, हेही कोणी समजावून सांगावे.

कॅम्पातला ट्रम्पेटवाला

पहिली दुरुस्ती, रागावू नये. बॉनी ऑट यांचे नाव या विषयात निघणारच, कारण 1970च्या दशकातील सर्वाधिक गाजलेल्या एकल वादकांत त्यांची गणना होते. परंतु त्यांचे वाद्य सोप्रानो नव्हे, मेलोफोन होते. मेलोफोनचा आवाज सोप्रानोच्या खालच्या अंगाचा असतो. तुम्हाला ‘कसरत नाही’ असे जे जाणवले त्याचे अर्धे श्रेय त्या वाद्याला आणि उरलेले त्यांच्या फुंकीला द्यावे.

सोप्रानो वाजवणाऱ्यांपैकी मी अल चेझ यांचे नाव घेईन. न्यू जर्सीतील बेयॉन ब्रिजमेन या पथकातून ते पुढे आले आणि नंतर डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या दूरदर्शन कार्यक्रमातील वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवू लागले. पिवळे लांब कोट आणि रुंद काठाच्या टोप्या घालून मैदानात उतरणारे हे ब्रिजमेन म्हणजे निव्वळ नाटकी मंडळी होती. अशा पथकातून आलेल्या माणसाला प्रेक्षकांची भीती वाटणार नाही, हे उघड आहे. एकट्याचे नव्हे तर अख्ख्या रांगेचे सोप्रानो ऐकायचे असतील तर मॅडिसन स्काउट्सने 1988 मध्ये ज्या ‘मालागेन्या’ या धुनेवर अजिंक्यपद मिळवले ते ऐका. तुमच्या पुतण्याची बाजू तिथे भक्कम होईल.

आता आवाजाबद्दल. ‘सोप्रानो’ हे नाव त्या पथकातील इतर बिगुलांच्या तुलनेत दिलेले आहे. प्रत्यक्षात तो बिगुल जी पट्टीतला आहे आणि आपला ट्रम्पेट बी-फ्लॅटमधला, म्हणजे सोप्रानो बिगुल ट्रम्पेटपेक्षा दीड स्वर खाली बसतो. ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे साडेचार फूट भरते आणि सोप्रानोची सव्वापाच ते साडेपाच फूट. आवाज भरदार लागतो याचे एक कारण हे. त्याची किंमतही मोजावी लागते: नुसत्या फुंकीने आणि ओठांच्या ताणाने एका नळीतून निघणाऱ्या नैसर्गिक सुरांची शिडी जसजशी वर जाते तसतशा तिच्या पायऱ्या जवळजवळ येतात, आणि ट्रम्पेटवर जो उंच सूर आठव्या पायरीवर मिळतो तो जी बिगुलवर नवव्या-दहाव्या पायरीवर शोधावा लागतो. ओठ केसभर ढळले की शेजारचा सूर लागतो. त्यामुळे उंच सूर लावणे सोपे आहे असे माझे म्हणणे नाही, पण तो नुसता लागला म्हणून वादन लक्षात राहते असेही नाही.

चिकोडीचे पेटीवाले

मी बँडमधला नव्हे, भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस आहे, तरीही या विषयात मला एक गंमत सापडली आहे ती सांगतो.

बिनाव्हॉल्व्हच्या, म्हणजे नळीची लांबी बदलणारी कळ नसलेल्या बिगुलमध्ये सा, ग, प आणि वरचा सा एवढेच कामाचे सूर निघतात. सातव्या पायरीवर एक कोमल निषाद मिळतो, पण तो इतका उतरलेला असतो की वादक त्याला टाळतातच. अमेरिकन पथकांनी या बिगुलला आधी एकच आडवा पिस्टन (दाबायची कळ) बसवला, जो उजव्या अंगठ्याने दाबायचा असे. तो दाबला की संपूर्ण शिडी जी वरून खालच्या डी वर, म्हणजे षड्जावरून मंद्र पंचमावर उतरते. पंचमाला षड्ज मानून तिथला सा, ग, प मोजा. मूळ षड्जाच्या हिशेबाने ते प, नी आणि रे होतात. दोन्ही शिड्यांची बेरीज केली तर हाती येतात सा, रे, ग, प, नी. मध्यम नाही, धैवत नाही. हा तर सरळ हंसध्वनी झाला! रामस्वामी दीक्षितर यांच्या नावावर असलेला, कर्नाटक पद्धतीतून आपल्याकडे आलेला आणि आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांच्या श्रोत्यांनी आपला मानलेला हा राग, अमेरिकेतील त्या पोरांच्या अंगठ्याखाली नकळत बसलेला होता, हे कळले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. (नवव्या पायरीवर चढणाऱ्याला वरच्या अंगाला धैवतही मिळतो, हे कबूल करतो, नाहीतर ट्रम्पेटवाले मला धरतील.)

खानापूरकरांच्या प्रश्नाचे उत्तर मला यातच दिसते. पाचच सूर हाताशी असलेल्या वादकाला धून ओळखू यावी म्हणून सुरावर थांबणे, तो फुगवणे, सोडणे आणि पुढच्या सुराची वाट पाहायला लावणे, हे सारे शिकावेच लागते. पुढे डाव्या हाताने फिरवायचा रोटर (फिरती कळ) आला, 1977 मध्ये दोन उभे व्हॉल्व्ह आले, 1990 मध्ये तिसऱ्याला परवानगी मिळाली, आणि 2000 पासून बी-फ्लॅटची नेहमीची वाद्येही चालू लागल्यावर सोप्रानो बिगुलची जागा बहुतेक ठिकाणी ट्रम्पेटने घेतली. सोय झाली, यात शंका नाही. पण जुन्या मुद्रणांतील एकल वादन मला अधिक भावते.

निवृत्त बिगुलर

मी लष्करात अनेक वर्षे बिगुल वाजवला आहे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या टोपीवरील चिन्हातच बिगुल आहे, त्यामुळे आमच्या बेळगावात या वाद्याची थोरवी कोणाला नव्याने सांगायला नको. वरील चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे सूर फाटण्याची.

अमेरिकन सेनेच्या बँडमधील सार्जंट कीथ क्लार्क यांनी 25 नोव्हेंबर 1963 रोजी आर्लिंग्टन येथील दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीत ‘टॅप्स’ ही निरोपाची बिगुलधून वाजवली. ते वादन ड्रम कोअरचे नव्हे आणि वाद्यही सोप्रानो नव्हे, परंतु मोकळ्या मैदानावर एकट्याने वाजवलेल्या बिगुलची गोष्ट निघाली की ते टाळता येत नाही. ‘टॅप्स’मध्ये एकूण 24 सूर आहेत आणि त्यांपैकी सहावा सूर त्या दिवशी फाटला. थंडीत बराच वेळ उभे राहिल्यानंतर, बंदुकांच्या सलामीपाठोपाठ त्यांना वाजवायचे होते. लोकांना तो फाटलेला सूर हुंदक्यासारखा वाटला आणि आजही तोच आठवतो. वादक म्हणून मला मात्र उरलेल्या अठरा सुरांचे नवल वाटते. सहाव्या सुराला जीभ अडखळल्यावर सातवा सूर शांतपणे आणि त्याच लयीत लावणे किती अवघड असते, हे ज्याच्या बाबतीत घडले आहे त्यालाच कळते.

माझ्या बाबतीत घडले आहे. एका हुतात्मा जवानाच्या गावी ‘लास्ट पोस्ट’ ही आपल्या सैन्यातील निरोपाची धून वाजवताना माझा वरचा सूर निसटला. पहाटेपासून गाडीत बसून आलो होतो, ओठ सुकले होते आणि माउथपीस खिशात धरून गरम करण्याचेही भान राहिले नव्हते. नंतर कोणी एक शब्द बोलले नाही. त्या जवानाच्या आईने जाताना मला पाणी दिले. त्यानंतर कुठेही वाजवण्यापूर्वी मी माउथपीस मुठीत धरून ठेवत असे, उन्हाळा असला तरीही.

आपल्या पुतण्याला इतकेच सांगा की उंच सुराचे कौतुक जरूर करावे, पण त्या सुरावरून वादक खाली कसा उतरतो तेही ऐकावे. धाप लागलेला माणूस उतरताना घाई करतो.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. बॉनी ऑट यांच्याबाबतची माझी चूक मान्य करतो. मेलोफोन म्हणून ते मुद्रण पुन्हा ऐकले आणि ते वादन आणखीच आवडले.

पेटीवाल्यांची पोस्ट वाचून काल माळ्यावरचा बिगुल खाली काढला. पितळेवर हिरवी पुटे चढली होती, ती चिंचेने घासून काढली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पेटीबरोबर वाजवताना एक सर मला नेहमी म्हणत, “तुझा गंधार उतरलेला आहे,” आणि मी ओठ आवळून तो चढवण्याचा प्रयत्न करीत असे. काल पुतण्याला पेटीवर बिगुलच्या षड्जाला षड्ज जुळवायला सांगितले आणि मग दोघांनी एकदम गंधार लावला, तेव्हा दोन्ही सुरांमध्ये स्पष्ट थरथर ऐकू आली. त्यानंतर मोबाईलवर तंबोरा लावला. त्याच्या तारांतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार असतो, त्यात बिगुलचा गंधार असा मिसळला की वेगळा ओळखू येईना.

माझा गंधार उतरलेला नव्हता, निदान नेहमी तरी नव्हता. पुतण्या थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने पेटी मिटून ठेवली आणि बिगुल स्वतःच्या हातात घेतला. अजून त्याच्याकडून खालचा प सुद्धा धड निघत नाही.

निवृत्त बिगुलर

गाल फुगवू देऊ नका. आणि सुरुवातीचे काही दिवस एकावेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू देऊ नका, ओठ सुजतात.