विषय: अपडेट झालं आणि नेट गेलं (मुक्काम अमळनेर तालुका)

प्रेषक: अमळनेरवाला, न्यू जर्सी (सध्या गावी)
रविवार, भारतात रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणासाठी, गावी आलोय. हा मेल पुतण्याच्या फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन गोड मानून घ्या.

काल रात्री लॅपटॉपने अपडेट मागितलं. 'अपडेट करून बंद करा' दाबलं आणि झोपलो. आज कानबाई बसली, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी झाली, आणि आत्ता लॅपटॉप उघडला तर नेट नाही. विंडोज ११ आहे, यंत्र तिकडेच घेतलेलं. वायफाय चालू दाखवतंय. यादीत शेजारच्या आप्पांचं नेट दिसतं, पलीकडच्या पतपेढीचंही दिसतं, घरचं मात्र दिसतच नाही. परवापर्यंत मस्त चालत होतं. घरातल्या बाकीच्यांचे फोन त्याच वायफायवर मजेत चालू आहेत, म्हणजे कनेक्शनला धाड भरलेली नाही. अपडेटनेच घोळ घातला.

उद्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे न्यू जर्सीच्या सकाळी नऊला, ऑफिसची मीटिंग आहे. 'गावाहून काम करतो' असं सांगून मी चार सुट्ट्या वाचवल्यात, त्या आता अंगाशी येणार. पुतण्याचा हॉटस्पॉट घ्यावा तर घरात रेंजची एकच काडी, गच्चीवर जावं तर पाऊस.

१९४५ साली ज्या अमळनेरात वनस्पती तेलाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली, त्याच तालुक्यात माझा एक लॅपटॉप नेटला लागत नाहीये. हसून घ्या, मग उपाय सांगा.

---

प्रेषक: रावेरवाला, डॅलस
रविवार, सकाळी ११:१५

काय भो, कानबाईले गेला आणि लॅपटॉप घेऊन गेला? वहिनी काही म्हणाल्या नाहीत?

सोपं आहे. अपडेटने वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, बदलला असणार. डिव्हाइस मॅनेजर उघड, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये जा, कुठे पिवळा त्रिकोण दिसतो का बघ. दिसला तर त्यावर दोनदा क्लिक करून 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल तर डिव्हाइस अनइन्स्टॉल कर आणि यंत्र रीस्टार्ट कर, विंडोज स्वतःच परत बसवतं.

एवढी खटपट नको असेल तर सरळ नेटवर्क रीसेट मार. सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथेच मिळेल. मी दर वेळी हेच करतो. आणि राउटर दोन मिनिटं बंद करून चालू कर, हे काय वेगळं सांगू?

---

प्रेषक: मंडळाच्या चिटणीस
रविवार, दुपारी १२:२०

सर्वांना नम्र आठवण, की ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. गणेशोत्सवाच्या जेवणाची नोंदणी अजून अर्धीही झालेली नाही.

ता. क. आमच्याकडेही अपडेटनंतर नेट रखडतंय. त्यामुळे उत्तरं खाजगीत न देता लिस्टवरच द्यावीत.

---

प्रेषक: धुळ्याचे काका, कनेक्टिकट
रविवार, दुपारी १२:४५

चिरंजीव,

रीसेट-बिसेट करण्याआधी एक साधं काम कर. यंत्र रीस्टार्ट कर. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. हा फरक मी नोकरीत असताना लोकांना समजावून समजावून थकलो. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाचा प्रकार आलाय. शट डाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. रात्रीचं दुखणं सकाळी जसंच्या तसं. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं.

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या बऱ्याच लोकांचं विंडोज १० वरचं नेट असंच गेलं होतं. यंत्राला राउटरकडून आयपी पत्ताच, म्हणजे नेटवर्कवरचा घरक्रमांकच, मिळेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मदतीच्या पानावर वरच पट्टी लावली होती, रीस्टार्ट करा, शट डाउन नको. पुढे मार्च २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनात, व्हीपीएन आणि प्रॉक्सीवाल्यांच्या, म्हणजे ऑफिसच्या वगैरे सर्व्हरमधून नेट घेणाऱ्यांच्या, यंत्रांवर 'इंटरनेट नाही' असं येऊ लागलं. त्यावर ३० मार्चला वेगळं, वेळापत्रकाबाहेरचं अपडेट काढावं लागलं. ते मी स्वतः घरातल्या जेवणाच्या टेबलावरून चाळीस जणांच्या यंत्रांवर बसवून घेतलंय. तेव्हा अपडेटवर संशय घेणं चूक नाही. पण एकेक करून बघ, सगळी औषधं एकदम घेऊ नकोस.

कानबाईला माझाही नमस्कार सांग.

---

प्रेषक: अमळनेरवाला
रविवार, भारतात रात्री ११:५०

काका, तुमचा मेल येईपर्यंत मी रावेरवाल्याचं औषध घेऊन मोकळा झालो होतो.

पिवळा त्रिकोण नव्हता. तरी नेटवर्क रीसेट मारलं. यंत्र बंद होऊन चालू झालं. घरचं नेट अजूनही दिसत नाही, आणि वर ऑफिसच्या व्हीपीएनची वाट लागली. सगळ्या साठवलेल्या वायफायचे पासवर्डही गेले. भो, हे तू सांगितलं नव्हतंस.

त्यानंतर काका म्हणाले तसं रीस्टार्टही केलं. फरक नाही.

राहिला राउटर. तो माजघरात भिंतीवरच्या फळीवर आहे, आणि फळीखाली बरोबर कानबाईचा चौरंग मांडलाय. कळस, नारळ, नथ, हिरवं वस्त्र, दोन समया. बायका रात्रभर गाणी म्हणत बसणार. मी स्टूल घेऊन प्लगकडे निघालो तशी आई ओरडली, "आते तठे हात लावानं नही!" सकाळी विसर्जनापर्यंत राउटरलाही देवपण आलंय.

---

प्रेषक: चोपड्याची ताई, शिकागो
रविवार, दुपारी २:०५

अरे, तुझा पहिला मेल कोणी नीट वाचलाच नाही. तूसुद्धा लिहून विसरलास.

शेजाऱ्याचं नेट दिसतं, पतपेढीचं दिसतं, फक्त घरचं दिसत नाही. म्हणजे वायफायचं कार्ड चालू आहे, ड्रायव्हर चालू आहे, बाकीचं सगळं ऐकू येतंय. मेलेला ड्रायव्हर आप्पांचं नेट दाखवून तुझंच कसं लपवेल?

चिटणीसबाईंसाठी आणि बाकीच्यांसाठी हेही लिहून ठेवते. नाव दिसतं, जोडलंही जातं, पण काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'आयपीकॉन्फिग' लिहिल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर राउटरने पत्ता दिला नाही असं समजायचं, आणि मग काकांचं रीस्टार्ट उपयोगी पडतं. पत्ता नीट आहे, ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, तर उत्तर येतं, पण एकही साइट उघडत नाही, तर डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची, भानगड. आणि सगळं उघडतंय, फक्त कोपऱ्यात 'इंटरनेट नाही' अशी खूण आहे, तर निम्म्या वेळा ती खूणच चुकते. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून दोन-चार शब्दांची फाइल मागून बघतं. ती वाटेत अडली की बोंब मारतं. तुझं यातलं काहीच नाही. तुझं प्रकरण पहिल्या पायरीवरच अडलंय.

तीन गोष्टी सांग.
काल रात्री लाइट गेली होती का?
राउटर इन्व्हर्टरवर आहे का?
पुतण्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसतो का? रेंज नसली तरी चालेल, नुसता दिसतो का ते बघ.

---

प्रेषक: अमळनेरवाला
सोमवार, भारतात रात्री १२:५५

ताई,

हॉटस्पॉट दिसतो, जोडलाही गेला. एका काडीवर तुमचा मेल उघडला, चार मिनिटांत.

राउटर इन्व्हर्टरवर नाही. इन्व्हर्टरवर पंखे, दोन दिवे आणि आबांचा टीव्ही.

लाइटचं मला माहीत नव्हतं, मी मेल्यासारखा झोपलो होतो. पुतण्याला विचारलं तर म्हणे, "काका, रातले लाइट गयथी ना, दोन घंटा." पण लाइटचा आणि अपडेटचा काय संबंध?

---

प्रेषक: चोपड्याची ताई
रविवार, दुपारी २:४०

संबंध नाही, तेच तर म्हणतेय.

लाइट आली, राउटर नव्याने सुरू झाला. सुरू होताना तो आजूबाजूला कुठला चॅनल, म्हणजे वायफायची कुठली लेन, मोकळा आहे ते बघतो. आप्पा, पतपेढी आणि गल्लीतले बाकीचे बहुतेक १, ६ नाहीतर ११ वर असणार. तुमच्या राउटरने बिचाऱ्याने गर्दी टाळून १२ किंवा १३ धरला असेल. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेत विकलेली यंत्रं साधारणपणे ११ वरच थांबतात. काही कार्डं दुसऱ्या देशात आल्याचं ओळखून पुढचे दोन उघडतात, बरीच नाही. जुन्या रेडिओचा काटा जिथे टेकतो त्याच्या पुढे स्टेशन असलं तर आपल्याला ते कधी कळणारच नाही, तसं. तुझ्या पुतण्याचा फोन भारतातला, त्याला १३ ऐकू येतो. तुझ्या लॅपटॉपसाठी तुमचं नेट अस्तित्वातच नाही.

परवापर्यंत चालत होतं, कारण तेव्हा राउटर ११ च्या आत कुठेतरी होता. त्याच रात्री अपडेट आलं, म्हणून बिल त्याच्या नावावर फाटलं.

आता राउटरला हात लावायची गरज नाही. पुतण्याचा फोन घरच्या वायफायवरच आहे. त्याच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. काही राउटरना शेवटचे आकडे ०.१ किंवा १००.१ असतात. वायरलेसच्या पानावर चॅनल 'ऑटो' असेल. तिथे ६ टाका आणि सेव्ह करा. सगळ्यांचे फोन मिनिटभर तुटतील, परत जोडले जातील. ५ गिगाहर्ट्झचंही पान दिसलं तर मला सांग. पण केबलवाल्याने दिलेल्या साध्या डब्याला ते नसेलच, नाहीतर तुझा लॅपटॉप त्यावर लागला असता.

---

प्रेषक: अमळनेरवाला
सोमवार, भारतात पहाटे १:३०

ताई, १३!

पुतण्याने पान उघडलं. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. चॅनल ऑटो, आणि शेजारी बारीक अक्षरात 'सध्याचा चॅनल १३'. त्याने ६ टाकला. माजघरातून दोन-तीन जणी एकदम ओरडल्या, कारण गाणी फोनवरून बघून म्हणत होत्या. माझ्या यादीत घरचं नाव टुपकन वर आलं. आप्पांच्या डोक्यावर.

---

प्रेषक: चोपड्याची ताई
रविवार, दुपारी ३:२०

छान. आता तो अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन आजच बदला, नाहीतर उद्या आप्पांचा नातू तुमचा चॅनल ठरवेल.

---

प्रेषक: रावेरवाला
रविवार, दुपारी ३:२५

मी राउटर बंद करून चालू कर म्हणालो होतो, एवढं नोंदीत राहू द्या.

---

प्रेषक: चोपड्याची ताई
रविवार, दुपारी ३:३०

केला असता तर पुन्हा १३ वरच बसला असता कदाचित. कानबाईनेच वाचवलं तुला.

---

प्रेषक: अमळनेरवाला
सोमवार, भारतात रात्री ८:४०

मीटिंग झाली. व्हीपीएन परत बसवण्यात दुपार गेली. ऑफिसच्या हेल्पडेस्कला अमेरिकेतल्या नंबरवर फोन लावला, तो पुण्यातल्या एका मुलीने उचलला. दोघंही पंधरा मिनिटं इंग्रजी झाडत होतो, शेवटी मागून कोंबडा आरवला तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही गावी आहात का?" मग कुठे काम पटापट झालं.

सकाळी विसर्जन वाजतगाजत झालं. काका, तुमचा नमस्कार पोचवला. चिटणीसबाई, आमची चार ताटं धरा. आणि रावेरवाल्या, तू मागितलेले कानबाईच्या प्रसादाचे रोट काही मिळायचे नाहीत, ते भाऊबंदकीतच खातात, आई ऐकणार नाही. बिबड्यांचा डबा भरून घेतलाय, त्यातले निम्मे ताईंचे.