संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करायला शिकायचंय – बजेट १२,०००, हाताशी फक्त संबळाचं रेकॉर्डिंग

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वय २७, मुक्काम कराड, नोकरी पतसंस्थेत. गाणं शिकलेलो नाही, शाळेत लेझमीला हलगी वाजवायचो तेवढंच. मामा गोंधळी आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या एका जागरणात मोबाइलवर संबळ रेकॉर्ड केलं, ४१ मिनिटं. त्याच्या खाली इलेक्ट्रॉनिक बेस आणि ड्रम घालायचे, असं डोक्यात बसलंय.
लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. बजेट सगळं मिळून बारा हजार, वर एक रुपया नाही, बायकोला शब्द दिलाय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? आधी हेडफोन की कीबोर्ड? क्लास लावावा का?

टेक्नो_तात्या
एफएल स्टुडिओ घ्या आणि विषय संपवा. मी त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं तेव्हापासून वापरतोय. एकदा पैसे भरले की पुढचे सगळे अपडेट जन्मभर फुकट, असं दुसरं कोण देतं सांगा. सोबत पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी घ्याच. मी तेवीस हजाराला घेतली. पहिला बेस ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

कृष्णाकाठ
तात्या, बजेट बारा.

टेक्नो_तात्या
बजेट वाढतं हो. वहिनींना हप्त्याहप्त्याने सांगायचं.

न्यूजर्सीकर
एबलटन लाइव्ह. दुसरं काही बघूच नका. आणि ८ जीबीत काहीही होणार नाही, सरळ मॅकबुक घ्या. मी ब्लॅक फ्रायडेला दोन्ही घेतलं. अजून एकच गाणं पूर्ण झालंय, पण काय स्मूथ चालतं!

निवांत_पोपट
८ जीबीत होतं. माझा लॅपटॉप २०१४चा आहे, पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, तरी वीस-पंचवीस ट्रॅक निघतात.
रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर लायसन्स ६० डॉलर. आत वाद्यं जवळजवळ नाहीतच, पण व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारी वाद्यं, फुकट मिळतात आणि विकतच्यांना भारी पडतात.

टेक्नो_तात्या
रीपर दिसायला जीएसटी रिटर्नच्या फॉर्मसारखं आहे.

निवांत_पोपट
कानाने ऐकायचं असतं तात्या.

हळवा_हलगीवाला
क्लासबद्दल बोलतो, कारण पोळलोय. पंचेचाळीस हजार भरले, तीन महिन्यांचा कोर्स. नऊ पोरं आणि दोन कॉम्प्युटर. सर बटणं दाबणार, आम्ही मागून माना उंचावून बघणार. सर्टिफिकेटवर माझं नाव चुकलं ते वेगळंच. जे शिकलो ते नंतर यूट्यूबवरच.

आजोबा_१९५८
तुम्ही मुलं सॉफ्टवेअरवरून भांडताय. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेतली, ड्रमचं ८०८, बेसचं ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, आणि त्यांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फिरकलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा गोरे लोक वेडे झाले. ॲसिड हाउस, म्हणजे त्या ३०३च्या चिरक्या बेसचं नाचाचं संगीत, आपण शोधलं, शिकागोने नव्हे.

न्यूजर्सीकर
शोधलं म्हणता येणार नाही काका. शिकागोवाल्यांनी ती रेकॉर्ड ऐकलीच नव्हती. ३०३ तिकडे सेकंडहँड दुकानांत स्वस्तात पडलेलं होतं, त्यांनी त्याचे कान पिळले आणि १९८७मध्ये तो आवाज बाहेर आला. दोन्हीकडे आपापलं झालं.

आजोबा_१९५८
आधी कोण, एवढंच सांगा.

न्यूजर्सीकर
आधी मुंबई. पण मुद्दा तो नाही.

आजोबा_१९५८
माझा मुद्दा तोच आहे.

चकवा
अवांतर थांबवा. धागाकर्ते, एक कळकळीची विनंती, कोणी ‘क्रॅक’ची, म्हणजे चोरून फुकट केलेल्या सॉफ्टवेअरची, लिंक पाठवली तर उघडू नका. मी उघडली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइलींना विचित्र शेपूट लागलं आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली. बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. ती अजून भाऊबीजेला काढते.

टेक्नो_तात्या
एफएलचा फुकटचा ट्रायल आहे की. गाणं सेव्हही होतं.

निवांत_पोपट
सेव्ह होतं, पण पैसे भरल्याशिवाय परत उघडत नाही, तेही सांगा. आणि सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशन घेणार असाल तर त्यात ऑडिओ क्लिप मांडता येतात का ते आधी बघा. यांच्याकडे ४१ मिनिटांचा ऑडिओच आहे!

तिहाई
कोणी रेकॉर्डिंगबद्दल विचारलंच नाही. कृष्णाकाठ, तुमचा खरा प्रश्न सॉफ्टवेअर नाही, लय आहे. संबळ हाताने वाजतं, ते चढत जातं. सॉफ्टवेअरची किक (ड्रमचा जाड ठोका) जागची हलत नाही. बहुतेक प्रोग्राममध्ये टॅप टेम्पोचं बटण असतं, सुरुवातीला आणि शेवटी बोटाने ठोकून बघा आणि मिनिटाला किती ठोके पडतात ते आकडे इथे टाका.

कृष्णाकाठ
रात्री ठोकून बघितलं. दुसऱ्या मिनिटाला ९६, अडतिसाव्या मिनिटाला १३२! तरी हौसेने ९६ची किक खाली लावली. पंधरा-वीस सेकंद झकास, नंतर वरातीत दोन बँड समोरासमोर आल्यासारखं झालं. बायको उठून आली.

तिहाई
झालं तर मग. दोन वाटा आहेत. एक, ठोक्यागणिक खुणा मारून रेकॉर्डिंग ताणायचं. एबलटन लाइव्हमध्ये त्याला वॉर्प म्हणतात, रीपरमध्ये स्ट्रेच मार्कर. ४१ मिनिटांना हे करायला बसलात तर दिवाळी येईल. दुसरी वाट, मामांचा हात जिथे स्थिर बसलाय तिथले तुकडे कापा. ९६ला चार ठोके म्हणजे बरोबर अडीच सेकंद. असे दहा-बारा चांगले तुकडे निघाले तरी एक गाणं उभं राहतं.
कापायच्या आधी ठोका चारात मोडतोय की तीनात ते बोटांवर मोजा. तीनात असेल आणि ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघा) चारची ठेवलीत तर संबळ लंगडं वाटेल आणि तुम्ही मामांना दोष द्याल. एफएलमध्ये स्नॅप १/३ बीट करा, बाकीच्यांत ट्रिप्लेट ग्रिड.
पुढच्या वेळी मोबाइल चार-पाच फूट लांब ठेवा. जवळ ठेवला की आवाज फाटतो, आणि फाटलेला कशानेच शिवता येत नाही.

हळवा_हलगीवाला
+१. आणि ब्लूटूथ हेडफोन नको. दाबलं आत्ता, वाजलं मग. वायरचाच घ्या.

चकवा
वायरचाच घ्या. विंडोजवर असिओफोरऑल हा आवाज उशिरा येऊ न देणारा फुकट ड्रायव्हर टाका, त्यातला बफरचा आकडा २५६वर आणा (कमी आकडा म्हणजे कमी उशीर). तरी चरचरलं तर ५१२.

न्यूजर्सीकर
छोट्या २५ पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डसोबत (तो स्वतः वाजत नाही, संगणकाला फक्त सूर कळवतो) बरेचदा लाइव्ह लाइट, म्हणजे एबलटनचं छोटं रूप, फुकट येतं. ट्रॅक आठच, पण वॉर्प आहे. साताठ हजारात काम होईल. (मॅकबुक घेतलात तर उत्तमच.)

टेक्नो_तात्या
२५ पट्ट्यांत काय वाजणार? माझ्याकडे ८८ आहेत.

निवांत_पोपट
वाजवता का?

टेक्नो_तात्या
त्यावर सध्या इस्त्रीचे कपडे आहेत.

ढोलपथक_पुणे
धागा आत्ताच वाचला. एफएल घ्या. (वर कोणी सांगितलं असल्यास क्षमस्व.)

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. घेतलं एकदाचं. सॉफ्टवेअर एलएमएमएस, कारण फुकट. त्यात रेकॉर्डिंग होत नाही हे कळलंय, पण माझं रेकॉर्डिंग झालेलंच आहे. कापाकापी ऑडॅसिटीत करतोय. ठोका तीनातच निघाला, तिहाई, सात तुकडे कापून झाले. हेडफोन वायरचा, दोन हजार. आणि आमच्या कॅशियरच्या मुलीने क्लास सोडला, तिचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सहा हजाराला मिळाला. उरलेले चार बायकोकडे जमा.

न्यूजर्सीकर
अरे! आम्ही इतकं सांगून एलएमएमएस?

निवांत_पोपट
कीबोर्डला मागे यूएसबी आहे ना?

कृष्णाकाठ
नाही. पाच भोकांची दोन गोल सॉकेट आहेत.

टेक्नो_तात्या
बोंबला.

तिहाई
काही बोंबललं नाही. ते जुनं मिडी, १९८३पासून तेच चालत आलंय. मिडी-यूएसबी केबल मिळते, पण अगदी स्वस्तातली घेऊ नका, सूर गाळते. केबलच्या ज्या टोकावर ‘इन’ लिहिलंय ते कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये घालायचं. वाजलं नाही तर उलटं घालून बघा.

कृष्णाकाठ
उलटंच घातलं होतं.