होमलोन दुसऱ्या बँकेत नेलं, पण घराच्या इन्शुरन्सवर जुन्याच कंपनीचं नाव आहे

बेसा_रोड
नमस्कार मंडळी. आमचं होमलोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडं होतं, व्याज लय लागून राहिलं होतं म्हणून बीटी (बॅलन्स ट्रान्सफर) करून सरकारी बँकेत नेलं, वरून थोडा टॉपअप, म्हणजे जास्तीचं लोन पण घेतलं. आता फाइल लावताना पाहिलं तर घराची पॉलिसी आहे, भारत गृह रक्षावाली, 10 वर्षांची, प्रीमियम एकदमच भरलेला, आणि तिच्यावर जुन्याच कंपनीचं नाव अन् जुना लोन नंबर. नवीन ब्रांचवाले म्हणतात आमच्याकडून नवी पॉलिसी काढा. मग जुन्या पैशाचं काय? नुसतं नाव बदलून मिळते का? आणि नाहीच बदललं तर काही फरक पडते का, घर तर आमचंच आहे ना.

प्रतापनगर_ताई
फरक पडते भाऊ, चांगलाच पडते. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते ना, आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि डागा लेआउट, अंबाझरी लेआउटमध्ये लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमच्या एका नातेवाइकांचं घर त्यातच होतं, लोन आधीच दुसरीकडं नेलेलं, पॉलिसीवर नाव जुन्या बँकेचं. विमा कंपनीचा सर्वेअर नुकसान पाहून गेला, रक्कमही ठरली, पण पॉलिसीत बँकेचं नाव असलं की पैसे आधी त्या बँकेला जातात, नाहीतर तिची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागते. जुनी बँक म्हणे तुमचं खातं बंद झालं, आता आमचा संबंध नाही, आणि नवीन बँकेचं तर पॉलिसीत नावच नाही. घरात चिखल, गाद्या फर्निचर सारं फेकायला गेलेलं आणि हे लोक कागदासाठी फिरत होते. शेवटी मिळाले पैसे पण तोवर डागडुजी उसनवारीवर झाली. म्हणून सांगते, हे काम पुढं ढकलू नका.

विमावाला_मानेवाडा
मी जनरल इन्शुरन्सचंच काम करतो. नवी पॉलिसी काढायची गरज नाही, आहे त्याच पॉलिसीत बदल करून मिळते, याला एन्डोर्समेंट म्हणतात, विमा कंपनीला मेल करायचा की अमुक पॉलिसीवर फायनान्सर, म्हणजे लोन देणाऱ्याचं नाव बदलून द्या. सोबत पॉलिसीची कॉपी, जुन्या कंपनीचं लोन बंद झाल्याचं पत्र किंवा एनओसी, नवीन बँकेचं सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) आणि तुमचं ओळखपत्र. नवीन बँकेचं पूर्ण नाव, ब्रांच आणि लोन अकाउंट नंबर सँक्शन लेटरवर आहे तसाच लिहा, इथंच जास्त घोळ होतात. रिस्क बदलत नाही म्हणून नुसत्या नावासाठी सहसा जास्तीचा प्रीमियम लागत नाही. एन्डोर्समेंटचा कागद आला की त्याची कॉपी नव्या ब्रांचमध्ये द्या आणि पोच घ्या.

पण आधी पॉलिसी नीट वाचा. ती तुमच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी आहे की जुन्या फायनान्स कंपनीनं तिच्या सगळ्या कर्जदारांसाठी घेतलेल्या ग्रुप पॉलिसीचं सर्टिफिकेट आहे? सर्टिफिकेट असेल तर लोन बंद झाल्यावर कव्हर चालू राहते का हे विमा कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका.

त्रिमूर्ती_नगर_44
अजून एक, बऱ्याच लोकांना लोनसोबत दोन विमे चिकटवलेले असतात. एक घराचा, दुसरा कर्जदाराच्या जिवाचा, लोन प्रोटेक्टर म्हणतात तो. लोन बंद केल्यावर त्या दुसऱ्याचं काय करायचं, चालू ठेवायचा की सरेंडर करायचा, म्हणजे मधातच बंद करायचा, हे वेगळं विचारा. आणि बँक विमा पाहिजे म्हणू शकते, पण आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करू शकत नाही, हे ब्रांचमध्ये स्पष्ट बोला.

बेसा_रोड
खूप आभार सगळ्यांचे. पॉलिसी स्वतंत्रच आहे, आत्ताच पाहिली. टॉपअप वरच्या मजल्यासाठी घेतला आहे, स्लॅबचं काम चालू आहे सध्या, तेही कळवावं लागते का?

विमावाला_मानेवाडा
हो हो, हे तर नावापेक्षाही मोठं आहे! भारत गृह रक्षामध्ये घराची रक्कम बाजारभावावर नाही, कार्पेट एरिया आणि बांधकामाच्या खर्चावर ठरते. दरवर्षी 10 टक्के आपोआप वाढते खरी, पण ती जुन्याच बांधकामाची वाढ आहे, नवा मजला त्यात येत नाही. सध्या बांधकाम चालू आहे हे आत्ताच मेलमध्ये लिहा. मजला पूर्ण झाला की नवीन एरिया कळवून रक्कम वाढवून घ्या, त्याचा प्रीमियम लागेल, तो द्या.

प्रतापनगर_ताई
आणि मेलचं उत्तर नाही आलं तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडं लेखी तक्रार टाका, तिथंही नाही झालं तर विमा नियामक आयआरडीएआयचं तक्रारीचं बिमा भरोसा पोर्टल आहे, 155255 वर फोन पण करता येते. मेल मात्र आजच करा भाऊ.