बेअर लेक ते एमराल्ड लेक: सोलापूरकर ज्येष्ठांना ही चाल झेपेल का?

जुळे_सोलापूर

नमस्कार. येत्या जुलैमध्ये मी आणि सौ. मुलीकडे डेन्व्हरला जात आहोत. तेथून साधारण दोन तासांच्या अंतरावरील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात बेअर लेकपासून निम्फ, ड्रीम आणि एमराल्ड या तीन तळ्यांपर्यंत आम्हाला चालत न्यायचे, असा मुलीचा बेत आहे. जाऊन-येऊन अंतर सुमारे साडेपाच किलोमीटर आणि चढ जेमतेम दोनशे मीटर आहे. माझे वय ६४, सौ.चे ६०. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही दोघेही रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, त्यामुळे अंतराची काळजी वाटत नाही. मात्र एमराल्ड लेक १०,११० फुटांवर असल्याचे वाचल्यापासून मन साशंक झाले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

होटगी_रोड

दोन वर्षांपूर्वी मी आई-बाबांना याच वाटेने नेले होते. आपल्याकडचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि डेन्व्हर शहरच सुमारे १,६०० मीटरवर वसलेले आहे. बेअर लेकला गाडीतून उतरतो तेव्हा आपण २,८८८ मीटरवर असतो, म्हणजे चालायला सुरुवात करण्यापूर्वीच कळसूबाई खूप खाली राहिलेली असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, त्यामुळे आपल्या रोजच्या पाच किलोमीटरांचा हिशेब तेथे लागू पडत नाही. विमानातून उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी आम्ही वर गेलो, ही माझी चूक झाली. ड्रीम लेकपाशी आईचे डोके जड झाले, मळमळू लागले आणि आम्ही तेथूनच परतलो. खाली एस्टेस पार्क गावात आल्यावर तिला तासाभरात बरे वाटले. आपण किमान आठवडाभर डेन्व्हरला राहून, शक्य असल्यास आदली रात्र एस्टेस पार्कमध्ये काढून मगच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते गाव साडेसात हजार फुटांवर आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे दुपारी ढग दाटून विजांसह पाऊस येणे नित्याचे आहे, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत परत खाली यावे. बेअर लेकचा वाहनतळ सकाळी लवकरच भरतो. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात त्या रस्त्यासाठी ठरावीक वेळेचा प्रवेश-परवाना आगाऊ घ्यावा लागत आला आहे. या वर्षीचे नियम मुलीला उद्यानाच्या संकेतस्थळावर आधीच पाहायला सांगावे.

निवृत्त_वैद्य_सात_रस्ता

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्या प्रमाणात कमी मिळतो. चालण्याचा सराव असला म्हणून हा त्रास होणार नाही असे नाही. सराव असलेली माणसे भरभर चालतात आणि उलट तीच अडचणीत येतात. वहिनींनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा स्पष्ट सांगून भेटावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते आणि तेथील कोरड्या हवेत शरीरातील पाणी आधीच झपाट्याने कमी होते, म्हणून गोळी कोणती आहे हे महत्त्वाचे. मनाने गोळी बंद मात्र करू नये. चढताना दोघांना सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे यांपैकी काहीही जाणवले तर थोडे बसून पुढे जाऊ, असे म्हणू नये. खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे.

बाळीवेस

तिसऱ्या तळ्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे, असे मनाशी धरू नका. निम्फ लेक अवघ्या आठशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात त्यावर पिवळी कुमुदे फुललेली असतात. ड्रीम लेक लांबट असून त्याच्या टोकाशी हॅलेट शिखराचा कडा उभा राहतो. मला स्वतःला तिन्हींत तेच अधिक आवडले. आपले सिद्धेश्वर किंवा हिप्परग्याचे तळे माणसांच्या हातांनी घडले. ही तळी मात्र हिमनदीने दरी कोरत नेली तेव्हा मागे राहिलेल्या खोलगट जागांत साचलेली आहेत, म्हणून ती पायऱ्यांसारखी एकावर एक लागतात. हे ठाऊक असले की चढताना वाटच बोलू लागते. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी अवश्य न्यावी, मात्र वाटेवरच्या खारींना एक तुकडाही देऊ नये. प्राण्यांना खाऊ घालण्यास तेथे मनाई आहे.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या दिवसाचा बेत आता दुसऱ्या आठवड्यावर ढकलला आहे आणि एस्टेस पार्कमध्ये एक रात्र राहण्याचेही ठरले. सौ. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. ड्रीम लेकपर्यंत जायचे आणि पुढचे तेथे बसून ठरवायचे, असे मुलीला आज कळवले.