'रिट्रॅक्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ:
'रिट्रॅक्ट' आणि 'विथड्रॉ' या दोन्हींसाठी भाषांतरात सरसकट 'मागे घेणे' येतं. मग 'विमानाने चाके मागे घेतली' असली वाक्यं तयार होतात. फरक कुठे करायचा? आणि 'ही रिट्रॅक्टेड फ्रॉम हिज स्टेटमेंट' बरोबर आहे का?

तिरपा_कौल:
मुळात लॅटिन धातू आहे, अर्थ 'ओढणे'. ट्रॅक्टर, एक्स्ट्रॅक्ट, अट्रॅक्ट त्याच घरचे. 'रि' म्हणजे परत. जे जिथून बाहेर आलं तिथेच ते परत जातं. म्हणून वस्तूंच्या बाबतीत 'मागे' नको, 'आत' हवं. विमान चाकं पोटात घेतं, कासव मान आत ओढतं, खटक्याच्या पेनची रीफिल आत जाते. 'आकुंचन' तर मुळीच नको, ते 'कॉन्ट्रॅक्ट'चं काम. तिथे आकार कमी होतो, इथे फक्त जागा बदलते.

गीतेतलं कासव अवयव 'संहरते', म्हणजे आवरून घेतं. अर्थ अगदी हाच, पण मराठीत 'संहार' कत्तलीला वाहिलेला, त्यामुळे तो रस्ता बंद.

कोर्टकचेरी:
'फ्रॉम' चुकीचं. 'रिट्रॅक्ट'ला थेट कर्म लागतं: 'ही रिट्रॅक्टेड हिज स्टेटमेंट'. आपण 'जबाबावरून फिरला' म्हणतो, त्यातला 'वरून' इंग्रजीत घुसतो. 'फ्रॉम' हवंच असेल तर 'रिझाइल फ्रॉम' वापरा, आपल्याकडच्या निकालपत्रांत ते नेहमी दिसतं.

कबुलीजबाबाच्या बाबतीत 'मागे घेतला' लिहिताना जपून. आरोपीने तो नाकारला म्हणून कागदावरून पुसला जात नाही. न्यायालय तो विचारात घेऊ शकतं, फक्त सावधगिरी म्हणून त्याला दुजोरा देणारा पुरावा शोधतं. साक्षीदार 'फितूर' होणं वेगळं, त्याला इंग्रजीत 'होस्टाइल'. आणि खटला, उमेदवारी अर्ज, बँकेतले पैसे यांना 'विथड्रॉ'च.

पानोपानी:
शोधनिबंधांत हा फरक सगळ्यात काटेकोर पाळायला हवा. छापून येण्याआधी लेखकाने निबंध परत घेतला तर 'विथड्रॉ'. छापल्यावर तो ग्राह्य नाही असं जाहीर केलं तर 'रिट्रॅक्ट', आणि ते नियतकालिक लेखकाच्या मर्जीविरुद्धही करू शकतं. म्हणून 'लेखकाने मागे घेतला' असं आपल्या मनाने लिहू नका, कोणी घेतला ते तपासा.

गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा 'लॅन्सेट'मधला १९९८चा निबंध घ्या. २००४मध्ये १० लेखकांनी फक्त त्यातला अन्वयार्थ मागे घेतला. अख्खा निबंध 'लॅन्सेट'ने २०१०मध्ये रिट्रॅक्ट केला. दोन्हींना एकच 'मागे घेतला' लावलं की सहा वर्षांचं अंतर वाचकाला कळतच नाही. असे निबंध साधारणपणे संकेतस्थळावरून काढत नाहीत, वर ठळक शिक्का मारून ठेवतात. 'मागे घेतल्याचे जाहीर केले' हे त्यातल्या त्यात बरं.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे 'विमानाने चाके पोटात घेतली'. आणि अपघाताच्या बातमीत?

तिरपा_कौल:
तिथे उलटापालट सांभाळा. 'गिअर डिड नॉट रिट्रॅक्ट' म्हणजे उड्डाणानंतर चाकं आत गेली नाहीत. 'डिड नॉट एक्स्टेंड' म्हणजे उतरताना बाहेर आली नाहीत. विमानाला पोटावर उतरावं लागतं ते दुसऱ्या प्रकारात.