गॅसवर चालणारी एस्टेट: आधी जेटी, आधी प्लांट की आधी गॅसचा करार?

सागरवेध

नमस्कार मंडळी, पोर्ट इंजिनिअरिंगमध्ये एमटेक करतोय, प्रोजेक्टसाठी कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरची पॉइंट लिसास ही औद्योगिक एस्टेट घेतलीय आणि वाचता वाचता त्यात पार गुंतून गेलोय. १९६६ ला तिथल्या दक्षिण भागातल्या व्यापारी मंडळींनी कंपनी काढली, उसाच्या जमिनीवर खोल पाण्याचं बंदर आणि कारखाने उभे करायचे म्हणून. पण खरा वेग आला तो १९७३ नंतर, तेलाचे भाव चढले आणि सरकारकडे पैसा आला तेव्हा. तोवर तेलाबरोबर वर येणारा बराचसा गॅस तसाच जाळून टाकत होते. मग १९७५ ला नॅशनल गॅस कंपनी, १९७९ ला नॅशनल एनर्जी ही सरकारी कंपनी, आणि त्याच काळात स्टील, अमोनिया, मिथेनॉल असं एकामागून एक येत गेलं.

आता अडलोय कुठे ते सांगतो. प्लांटवाला म्हणतो जेटी (जहाज लावायचा धक्का) दाखवा मग पैसे घालतो, बंदरवाला म्हणतो माल किती येणार ते लिहून द्या मग ड्रेजिंग, म्हणजे तळातला गाळ काढून खोली वाढवणं, करतो, आणि गॅसवाला म्हणतो गिऱ्हाईक पक्कं असल्याशिवाय पाइपलाइन टाकणार नाही. तिघं एकमेकांकडे बघत बसले तर हे सुरू तरी कसं होतं? आणि दुसरं, प्रत्येक कंपनीने आपापली जेटी बांधायची की सगळ्यांची मिळून एक? माझे गाइड सामाईक म्हणतात, पण मला त्यामागचं कारण नीट समजून घ्यायचंय.

धक्का_नंबर_चार

सागर, मी एका अमोनिया टर्मिनलवर ९ वर्षं शिफ्ट केलीय, कुठलं ते राहू दे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कुणीतरी एकाने आधी जोखीम घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा ती सरकारी कंपनीच घेते. पॉइंट लिसासला तेच झालं. खासगी व्यापाऱ्यांचा विचार चांगला होता पण खाडी खोल करणं, पाइपलाइन, वीज, रस्ते हे सगळं एकदम पेलण्याएवढा पैसा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून सरकारला उतरावं लागलं. गॅसचा करार मात्र सगळ्यात आधी, आणि तो १५-२० वर्षांचा, उचला नाहीतर पैसे भरा अशा अटीचा. तो कागद हातात असल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही.

जेटीचं म्हणशील तर सामाईकच, पण आंधळेपणाने नाही. हिशोब करून बघ. अमोनिया प्लांट दिवसाला २००० टन काढतो आणि जहाज ३०००० टनांचं आहे, म्हणजे एका जहाजासाठी १५ दिवसांचा माल साठवायचा. टाकी मायनस ३३ डिग्रीची, दुहेरी भिंतीची, खूप महागडी वस्तू, त्यामुळे हिशोबनीस नेहमी ती छोटी करायला बघतो. आमच्याकडे तसंच केलेलं. एकदा बर्थवर (जेटीवरची एका जहाजाची जागा) दुसऱ्या कंपनीचं जहाज पंप बिघडून तीन दिवस अडकलं, आमचं जहाज बाहेर नांगर टाकून उभं, डेमरेज म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड चालू, इकडे टाकी भरत आलेली, शेवटी प्लांट निम्म्या लोडवर आणावा लागला. अमोनिया प्लांट बंद करून परत चालू करणं म्हणजे बटण दाबणं नाही, कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) आणि भट्टीतल्या ट्यूब दोन्हीला त्याचा मार बसतो, त्या रात्री कंट्रोल रूममधल्या कुणाच्याच घशाखाली घास उतरला नव्हता. म्हणून सांगतो, जेटी सामाईक ठेव पण बर्थ दोन आणि टाकीत जहाजाच्या मालाच्या वर निदान आठवडाभराची जागा.

आणि एक, एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, या सामाईक जेटीत कोंबू नकोस. मायनस १६२ डिग्रीचा माल, १७४००० घनमीटरचं जहाज साधारण ३०० मीटर लांब, ते वळवायलाच जवळपास ६०० मीटरचं मोकळं पाणी लागतं, आणि लोडिंग चालू असताना आजूबाजूला दुसरं जहाज नको. त्रिनिदादमध्येही एलएनजी पॉइंट लिसासला नाहीच, ते खाली पॉइंट फोर्टिनला आहे, १९९९ पासून.

रिफॉर्मर

वरच्या सरांशी सहमत, मी प्रोसेसच्या बाजूने भर घालतो कारण बंदरवाले लोक हे बघतच नाहीत. एस्टेटमध्ये शेजारी कोण बसवायचा हा प्रश्न जेटीइतकाच मोठा आहे. मिथेनवर, म्हणजे नैसर्गिक गॅसमधल्या मुख्य घटकावर, वाफ सोडली की एक कार्बन मोनॉक्साइड आणि तीन हायड्रोजन मिळतात, मिथेनॉलला लागतात दोनच हायड्रोजन, म्हणजे एक उरतो आणि बऱ्याचदा इंधन म्हणून जळतो. अमोनियाच्या प्लांटला याच्या बरोबर उलटं, त्याला हायड्रोजन हवा आणि कार्बन डायऑक्साइड नको. हे दोघं कुंपणाला कुंपण लावून बसवले तर अमोनियावाल्याचा कार्बन डायऑक्साइड मिथेनॉलवाल्याचा उरलेला हायड्रोजन वापरून आणखी मिथेनॉल देतो, किंवा सरळ युरियात जातो. पण प्लॉट वाटतानाच मधून पाइपरॅकची (पाइप वाहून नेणाऱ्या मांडणीची) पट्टी सोडलेली हवी, नंतर रस्ता खोदून हे होत नाही.

पाण्याचं पण तसंच. कूलिंगला आणि बॉयलरला इतकं पाणी लागतं की गावाचं पाणी पळवल्यासारखं होतं. पॉइंट लिसासला २००२ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट आला, म्हणजे एस्टेट सुरू होऊन वीसेक वर्षं झाल्यावर. ते पहिल्या नकाशातच असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

युरिया करणार असशील तर तो घन माल आहे, हवेतला ओलावा पकडून ढेकळं होतात, त्याला बंद शेड आणि झाकलेला कन्व्हेयर लागतो, पाइप आणि लोडिंग आर्मवाली (जहाजाला जोडायचा हलता पाइप) लिक्विड जेटी त्याच्या कामाची नाही.

वाळूतली_रेघ

सगळं पटलं, पण मुख्य गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. गॅस संपला तर? त्रिनिदादचं गॅस उत्पादन २०१० च्या आसपास शिखरावर होतं, तेव्हापासून उतरतंय. पॉइंट लिसासचा स्टील प्लांट २०१६ ला बंद झाला, तो मुख्यतः स्टीलच्या पडलेल्या भावांमुळे, पण, शेकडो कामगार घरी बसले. पॉइंट फोर्टिनची पहिली एलएनजी ट्रेन (गॅस द्रव करणाऱ्या यंत्रांची एक रांग) गॅस नाही म्हणून २०२० च्या अखेरीपासून थांबलेली. शेजारच्या व्हेनेझुएलाच्या ड्रॅगन फील्डचा गॅस आणायचं बोलणं अमेरिकेच्या निर्बंधांत अडकत आलंय. उसाची जमीन गेली, किनारा गेला, आणि ५० वर्षांनी गॅसच्या तुटवड्यात प्लांट एकेक करून थांबवावे लागतायत. सागर, तुझ्या रिपोर्टमध्ये हे प्रकरण नसेल तर तो अर्धाच आहे.

सागरवेध

ताई, नव्हतंच ते प्रकरण, घालतो. पण मग एस्टेट बांधणंच चूक होतं असं म्हणायचंय का?

वाळूतली_रेघ

नाही रे. नुसता गॅस जाळण्यापेक्षा ते शंभर पटीने बरंच होतं, एवढ्या छोट्या बेटाने अमोनिया आणि मिथेनॉलच्या निर्यातीत जगात पहिल्या रांगेत जागा मिळवली, आणि त्या प्लांटमध्ये तिथली एक अख्खी पिढी इंजिनिअर, ऑपरेटर झाली. माझं म्हणणं एवढंच की एकाच कच्च्या मालावर सगळं टेकवलं की तो हलला की सगळं हलतं.

धक्का_नंबर_चार

ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि याचं उत्तर बंदराच्या डिझाइनमध्ये बऱ्यापैकी देता येतं. गॅस २५-३० वर्षं टिकेल, नीट बांधलेला धक्का त्याच्या दुप्पट टिकतो. मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव असतं, त्याची जेटी उद्या दुसऱ्या लिक्विडला चालते. अमोनियाची टाकी आणि लाइन उद्या अमोनिया बाहेरून आणून वाटायला पण चालते. पॉइंट लिसासला तर कंटेनर आणि सुट्या मालाचं बंदर त्याच एस्टेटमध्ये आहे, प्लांट थांबले तरी ते चालतं. सगळ्यात अडकून पडते ती एलएनजीची सोय, गॅस द्रव करणाऱ्या ट्रेनला दुसरं कामच नाही.

म्हणून सागर, तुझ्या ड्रॉइंगमध्ये तीन गोष्टी बघ. धक्क्याची भार सोसायची ताकद आजच्या मालापेक्षा जास्त धर, कारण पाइल, म्हणजे धक्क्याखालचे खांब, नंतर सहज वाढवता येत नाहीत. चॅनेल, म्हणजे जहाजांचा खोदलेला मार्ग, आज १३ मीटर खोल पुरत असला तरी बाजूचे उतार असे ठेव की पुढे खोल करता येईल. आणि किनाऱ्यालगतचे सगळे प्लॉट विकू नकोस, भाड्याने दे, मुदत गॅसच्या कराराएवढीच. प्लांट बंद पडला आणि जमीन त्याच्याच नावावर राहिली तर पाण्याकाठची सगळ्यात मोलाची जागा गंजत पडते आणि नवीन कुणाला आत घेताच येत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सागरवेध

भाड्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता, खूप आभार. प्लॉटचा नकाशा परत काढतोय, पाइपरॅकची पट्टी आणि दुसरा बर्थ धरून. रविवारपर्यंत इथेच टाकतो, रिफॉर्मर सर, पट्टी किती रुंद ठेवू ते तेवढं सांगा.

रिफॉर्मर

ठरलेला आकडा नाही, आज लागणारे पाइप मांड आणि तेवढीच जागा रिकामी सोड, शिवाय क्रेन आत शिरेल एवढा रस्ता एका बाजूने. नकाशा टाक, बघतो.