बारावी भूगोल: रत्नागिरी जिल्हा पाचव्या टप्प्यात येतो का? आणि वेबर कोणीतरी समजवा प्लीज

समुद्रकाठची_बारावी
नमस्कार, मी बारावी आर्ट्सला आहे, गुहागर तालुका. भूगोलाचा पेपर जवळ आलाय आणि आमच्याकडे दिवाळीपासून या विषयाला सरच नाहीत, त्यामुळे सगळं एकटीच वाचतेय. प्रॅक्टिकलचे २० होतील कसेतरी, लेखी ८० चं टेन्शन आहे. व्याख्या पाठ होतात पण 'भौगोलिक कारणे द्या' आलं की पेन थांबतं.
एक डाउट डोक्यातून जातच नाहीये. लोकसंख्या संक्रमणाच्या (जन्मदर-मृत्युदर बदलतात तशी लोकसंख्या कशी बदलते, त्या सिद्धांताच्या) पाचव्या टप्प्यात लोकसंख्या कमी होते ना? आपला रत्नागिरी जिल्हा २००१ ला साधारण १६ लाख ९७ हजार होता, २०११ ला १६ लाख १५ हजार झाला. मग आपण जपानच्या लायनीत बसलो का?? मैत्रीण म्हणते बिनधास्त लिही, मला पटत नाहीये. आणि कारखाना कुठे काढावा हे सांगणारा वेबरचा सिद्धांत तर अजिबात डोक्यात शिरत नाही.

सड्यावरचा_मास्तर
नको लिहू गो बाय, मार्क जातील. पाचव्या टप्प्यात जन्मदर मृत्युदराच्याही खाली जातो म्हणून लोकसंख्या घटते, आपल्याकडे माणसं मुंबईला गेली म्हणून घटली, दोन्ही वेगळं. ते मॉडेल फक्त जन्म आणि मृत्यू मोजतं, स्थलांतर त्यात धरलेलंच नाही, आणि सिद्धांताची मर्यादा विचारली तर हाच मुद्दा लिहायचा.
आता लिंग गुणोत्तर बघ. २०११ ला रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६, मुंबई शहरात ८३२. हे आकडे शेजारी ठेवलेस की बाप्ये कुठून कुठे गेले ते न सांगता कळतं. पण इथे एक गोम आहे, दरवर्षी अर्धा वर्ग तिथेच पडतो. ११२२ बघून पोरं लिहून मोकळी होतात की कोकणात मुली जास्त जन्मतात! तसं काही नाही, ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर आपल्याकडेही हजाराच्या खालीच आहे. लोकसंख्येचा मनोरा (वयोगटानुसार एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका अशा पट्ट्यांची आकृती) काढलास तर कमावत्या वयाच्या पट्ट्या पुरुषांच्या बाजूने आत गेलेल्या दिसतील. तुझ्या वाडीत फक्त गणपती-शिमग्याला कुलूप निघणारी घरं किती आहेत ती मोज, कारण तिथेच सापडेल.

लोकलचा_धक्का
मास्तर एक शंका, त्याच १० वर्षांत मुंबई शहर जिल्हा पण ३३ लाख ३८ हजारवरून ३० लाख ८५ हजारवर आलाय. मग आमचे चाकरमानी गेले कुठे, समुद्रात?

सड्यावरचा_मास्तर
हाहा. ठाण्यात गेले. ठाणे जिल्हा त्या दशकात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, आणि तेव्हा वसई-विरार, नालासोपारा ठाण्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४ ला. लालबाग-परळच्या गिरण्या बंद, खोल्या परवडेनात, मग नवीन पोरगा डायरेक्ट दिवा नाहीतर विरार गाठतो. अर्थात सगळे काय आपलेच नव्हेत, देशभरातून लोक येतात तिकडे.

मालवणी_तडका
अगो घाबरतंस कित्याक! वेबर सोपो आसा. पुस्तकातलं लोखंड-पोलाद घटकाभर बाजूला ठेव आणि आंबा घे. कॅनिंगला १ किलो आंबा गेला तर साल, बाठा फेकून रस येतो त्यापेक्षा बराच कमी, वर आंबा नासतो. मग साली-बाठ्यांचं भाडं कोण भरणार? म्हणून कॅनिंगचा कारखाना बागांजवळ. हा झाला वजन घटणारा कच्चा माल.
आता उलटं, बर्फ. पाणी कुठेही मिळतं आणि बर्फ लांबून आणला तर वाटेत निम्मा वितळणार, म्हणून बर्फाचा कारखाना गिऱ्हाइकाजवळ, म्हणजे मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदराजवळ. वेबरने १९०९ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा एवढाच, जिथे वाहतूक खर्च सगळ्यात कमी तिथे कारखाना, मग स्वस्त मजूर किंवा एकत्र आलेले उद्योग त्याला थोडं इकडेतिकडे ओढतात. फक्त तो धरून चालतो की भाडं वजन आणि अंतर यांच्यावरच ठरतं. एकदा आंब्याचा टेम्पो घेऊन पावसात घाट चढून दाखवा म्हणावं त्याला 😄

लोकलचा_धक्का
वस्त्यांचे प्रकार पाठच करू नकोस, तू गुहागरची ना. समुद्र, मग माडांची वाडी, मग घरं, मग रस्ता, मागे डोंगर. जागाच चिंचोळी, म्हणून गाव लांबच लांब रस्त्याला धरून वाढलं. झाली रेषाकृती वस्ती, आकृतीसकट. आकृतीचे मार्क सोडू नको.

समुद्रकाठची_बारावी
खूप थँक्स सगळ्यांना!! बर्फाचं वाचून पहिल्यांदा वेबर कळला. घरं मोजली आजीला घेऊन, वाडीत ३१, त्यातली १२ बंद. आजी म्हणाली १३ लिही, शेजारचे पण मे महिन्यात निघालेत. मास्तर, मनोरा काढून रात्री फोटो टाकते, चुका काढाल ना?